लंडन आधी उरका, मग पॅरिस

युरोपच्या सहलीसाठी व्हिसा फ्रान्सचा काढायचा का, असं विचारलंत. फ्रान्सचा नको. तुमचा बेत असा आहे: आई-बाबांना घेऊन मे महिन्यात पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडला सहा, मध्येच लंडनला मावसभावाकडे चार दिवस आणि परतीचं विमान पुन्हा पॅरिसहून. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपातल्या देशांचा गट. या व्हिसाचा अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, म्हणजे स्वित्झर्लंडकडे. आधी कुठे उतरता हे दिवस सारखे असतील तरच बघतात. आम्हालाही एका एजंटने ‘पहिलं पाऊल जिथे, तिथला व्हिसा’ असं ठणकावून सांगितलं होतं. नियम वाचायला बसलो म्हणून वाचलो.

तुमची खरी अडचण लंडन आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी. आणि पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत येणं ही दुसरी एन्ट्री. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर एन्ट्रीच्या रकान्यात ०१ छापलं असेल तर परतीचं विमान पॅरिसहून सुटेल आणि तुम्ही लंडनलाच. मल्टिपल, म्हणजे अनेकदा आत येता येणारा व्हिसा मागता येतो, पण मिळेलच असं धरून तिकिटं काढू नका. त्यापेक्षा मुंबईहून थेट लंडन, तिथून युरोस्टार रेल्वेने पॅरिस, मग स्वित्झर्लंड आणि झ्युरिकहून घरी. एकच एन्ट्री. गंमत म्हणजे फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरच, गाडीत बसण्याआधी होते, त्यामुळे तिथे वेळ ठेवून जा.

बोटांचे ठसे द्यायला आई-बाबांना स्वतः व्हिसा सेंटरवर जावं लागेल. माझ्या बाबांना वाटलं, एसटीत मिळते तशी ज्येष्ठांना सवलत असेल. नाही. सूट बारा वर्षांखालच्या मुलांना. एकदा दिलेले ठसे मात्र ५९ महिने चालतात.

मोठ्यांची फी ९० युरो, सेंटरचे पैसे वर. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला. बाबांचं पेन्शनचं खातं आणि तुमचं स्टेटमेंट दोन्ही जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी लाखभर आणून खात्यात टाकायची हुशारी करू नका, ते लगेच दिसतं.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे म्हणजे निम्मं पुणं रांगेत, शिवाय तुम्हाला दोन व्हिसे काढायचेत. शेंगेनचा अर्ज दिला की पासपोर्ट तिकडेच अडकतो, तेव्हा जानेवारीतच लागा.

पासपोर्ट परत मिळाला की स्टिकर तिथेच उभं राहून वाचा. मुदत १० मे ते ८ जून दिसली म्हणून महिनाभर राहायचं नसतं. दिवसांच्या रकान्यात १५ असेल तर १५च, आणि त्यात पोचायचा आणि निघायचा दिवसही धरतात.