सेमी-हॉलो गिटारचे पिकअप बदलून बिगस्बी बसवायची आहे. भोकं न पाडता, घरच्या घरी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की गिटार गिब्सन ३३५च्या धर्तीची, म्हणजे अर्धी पोकळ आहे, राहायला रत्नागिरीत, २० हजार बाजूला काढलेत आणि पिकअप (तारेचा आवाज उचलणारी चुंबक-वेढ्यांची गुंडाळी) नि बिगस्बी (दांडी दाबून सूर हलवायचं यंत्र) एकदमच करून टाकायचा विचार आहे. शेवटी विचारलंय, ‘बिगस्बी सुरात राहत नाही असं सगळे म्हणतात, खरं का?’ त्या शेवटच्या ओळीसाठी आज दुकान लवकर बंद करून लिहायला बसलोय.

सगळे म्हणजे कोण ते मला माहीत आहे. माझ्या बाबतीत सगळे म्हणजे माझे भावोजी.

कुडाळला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी, मिक्सर. कॉलेजपासून भावोजींच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. कीबोर्ड त्यांचा, टेम्पो त्यांचा, सुपारी घेणारेही तेच, त्यामुळे सूरही त्यांच्याच मालकीचा. बोटीवर वाजवणाऱ्या गोव्याच्या एका माणसाकडून मी जुनी कोरियन सेमी-हॉलो घेतली होती आणि २०११ साली तिला बी-७० मॉडेलची बिगस्बी बसवली. स्वतःच्या हाताने, वरच्या फळीला भोकं पाडून. आठ दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही, नुसती दांडी हलवून बघायचो.

मालवणच्या बाजूला बंदरावर सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा होती, रात्री कार्यक्रम. दुसरंच गाणं, संथ. अंतरा संपताना कॉर्ड धरून दांडी हलकीच दाबली. पाण्यावर चांदणं हलावं तसा सूर हलला. दांडी सोडली आणि तिसरी तार परत आली ती चढून. पुढची कॉर्ड लावली तर बासरीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या बासरीवर पाय दिलाय. भावोजींनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि माइक चालू असताना म्हणाले, “तुझो तो दांडो काड आदी, मगे गिटार सुरात येतली!” समोर दोन-अडीचशे माणसं हसली. बर्फाच्या पेटाऱ्यांवर बसलेली पोरं तर टाळ्या वाजवायला लागली.

दुसऱ्या दिवशी बिगस्बी काढली आणि माळ्यावर टाकली. भोकं तशीच राहिली. त्यानंतर दर गणपतीत, दर लग्नात, जेवणाच्या पानावर हा किस्सा. बिगस्बी सुरात राहत नाही हा जणू आमच्या घरचा कुळाचार झाला.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद. तारा बदलताना तिसऱ्या तारेची चावी पिळत होतो आणि दर थोड्या पिळाला नटाजवळ, म्हणजे चाव्यांआधी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीजवळ, ‘टिक्’ असा आवाज. पिळतोय तोवर सूर हलत नाही, मग एकदम उडी मारतो. तिथे माझी ट्यूब पेटली. तार नटाच्या खाचेत अडकत होती. या गिटारांना हेडस्टॉकवर तीन चाव्या इकडे, तीन तिकडे. मधल्या दोन तारा नटापासून बाहेरच्या बाजूला वाकून जातात, म्हणून तिसरी आणि चौथी सगळ्यात जास्त घासते. दांडी दाबली की तार सैल पडते आणि नटापलीकडचा तुकडा थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. दांडी सोडल्यावर ती तार परत यायला हवी. खाच घट्ट असेल तर येत नाही, तार चढीच राहते. मालवणच्या बंदरावर हेच झालं होतं. बिगस्बीने तार सोडली होती, नटाने धरून ठेवली.

खाच चावीच्या दिशेने जराशी तिरपी करून रुंद केली. नटाची कानस नव्हती. जाड तारेचा जुना तुकडा करवतीसारखा चालवला. खोली वाढवायची नाही हं, खोली वाढली की मोकळी तार झणझणते आणि नट बदलावा लागतो. मग पेन्सिलीचं शिसं किसून खाचेत भरलं. ब्रिजच्या सॅडलवर तारांनी चावून केलेले खड्डे होते, ते गुळगुळीत केले. माळ्यावरून बिगस्बी उतरवली, जुन्याच भोकांत बसवली. दांडी दाबली, सोडली. परत दाबली, सोडली. ट्यूनरचा काटा जागच्या जागी.

तेव्हा सगळं एकदम करायच्या तुमच्या विचाराला माझं उत्तर: २० हजारांतला पहिला खर्च नटावर करा. चांगल्या कारागिराकडून हाडाचा नट करून घ्या, नाहीतर आहे तो नीट करा. मग बिगस्बी. पिकअप सगळ्यात शेवटी.

पिकअपबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून मला, तांब्यावर पोट असलेल्या माणसाला, राग येतो. ‘हा १४ किलोओहमचा आहे, म्हणजे दणकट.’ अहो, ओहम म्हणजे तारेचा अडथळा. बारीक तार गुंडाळली की वेढे न वाढवताही ओहम वाढतो. मोटारीचा दम कोणी नुसत्या ओहमवर सांगतं का? जुन्या गिब्सन हंबकरमध्ये, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपमध्ये, ४२ गेजची, केसाएवढी तार, एका बॉबिनवर सुमारे ५००० वेढे, आणि मोजाल तर दोन्ही मिळून साडेसात-आठ किलोओहम. तेवढ्यावर सेथ लव्हरने १९५५ साली पेटंटचा अर्ज केला आणि त्या अर्जाचा स्टिकर चिकटवलेले पिकअप आज लोक सोन्यासारखे जपतात. सेमी-हॉलोला असाच कमी ताकदीचा, अल्निको चुंबकाचा पिकअप शोभतो. गरम पिकअप टाकलात तर पोकळ लाकडाचा आवाज चिखलात जाईल आणि अँप वाढवला की शिट्टी. १९५८ साली गिब्सनने ३३५मध्ये मधोमध मेपलचा ठोकळा घातला तोच शिट्टी आवरायला. तुम्ही वरून जास्त ताकद ओतून ती परत बोलावू नका. आणि पिकअप मेणात बुडवलेला घ्या. मेण नसलेला जुन्या पद्धतीचा आवाज गोड, पण मांडवात स्पीकरसमोर उभं राहून वाजवणार असाल तर तो किंचाळतो.

दोन पिकअप एकाच कंपनीचे, जोडीने घ्या. २०१४मध्ये मी वेगवेगळे घेतले आणि स्विच मध्ये ठेवला की नाकात बोलल्यासारखा पातळ आवाज. फेज उलटी, म्हणजे दोघांचे आवाज एकमेकांना खोडत होते. घालण्याआधी तपासायचं असेल तर काट्याचा मीटर पिकअपच्या दोन टोकांना लावा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर वर चिकटवून झटक्यात उचला आणि काटा कुठे उडतो बघा. दोन्ही पिकअपचा एकाच बाजूला उडाला पाहिजे. चार तारांचा पिकअप असेल तर टोकं उलटी करून सुटका होते. जुन्या पद्धतीचा, जाळीच्या एका वायरचा असेल तर होत नाही, कारण जाळीच कव्हरला जोडलेली असते.

घरी जमेल का? सोल्डरिंगचा हात असेल तर जमेल, पण गिटारच्या पाठीला झाकण नसतं, सगळं एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीच्या f आकाराच्या भोकातून. पॉटचा (आवाज-टोनच्या बटणाखालच्या कंट्रोलचा) पेचाचा नट सोडण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला गरीची तंगूस बांधा, मग आत ढकला आणि एफ-होलमधून बाहेर काढा. काम झालं की तीच तंगूस ओढली की पॉट आपल्या भोकात येतो. मला हे एका रापणकाराने शिकवलं, कुठल्या गिटारवाल्याने नाही. हंबकरला ५०० केचे पॉट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोणी जात असेल तर चार जास्तच मागवा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ते खरखरायला वेळ लागत नाही.

भोकं न पाडता बिगस्बी? होय. व्हायब्रामेटची पट्टी मिळते, स्टॉप टेलपीसच्या (ब्रिजमागे तारा अडकवायच्या पट्टीच्या) दोन स्टडच्या जागी बसते, वर बी-७ किंवा बी-७०. माझी भोकं बघायला या एकदा. मात्र आशियात बनलेल्या गिटारांचे स्टड बहुधा मिलिमीटरच्या आट्यांचे, अमेरिकन गिटारांचे इंचाचे, मागवण्याआधी मोजा. बसवल्यावर तारा आणि जॅकचं अर्थिंग यांची कंटिन्युइटी मीटरवर तपासा. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात हे विसरलात तर गुणगुण ऐकूनच घरी जाल.

लॉकडाऊन उठल्यावर गिटार घेऊन भावोजींकडे गेलो होतो. त्यांनी स्वतः पाचदा दांडी दाबली, ट्यूनर बघितला, चष्मा पुसून परत बघितला. मग म्हणाले, “आता तारा बऱ्यो मिळतत.” ताई आतून हसल्याचं मी ऐकलं, तेवढं मला पुरे.

हां, हे आधी सांगायला हवं होतं: बिगस्बी हलक्या लहरीसाठी आहे. तार पार सैल सोडून विमान पाडायचं असेल तर दुसरं यंत्र बघा, मग भावोजीच बरोबर. हे काम पावसात काढू नका, आपल्याकडे ऑगस्टात गिटारची मान वेगळी असते आणि दिवाळीनंतर वेगळी. आणि बिगस्बीवर तार चढवणं किचकट आहे. तारेचं टोक आधी बोटाने वाकवून घ्यायचं, टोकाचा मणी बिगस्बीच्या खिळ्यावर अडकवायचा आणि तार ताणली जाईपर्यंत दाबून धरायचा, नाहीतर तो निसटतो. पहिल्या वेळी तासभर धरा, कार्यक्रमाच्या संध्याकाळी करू नका.