उभ्या गाडीच्या मोहात पडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं आणि चिडचिडही झाली. फेरारी एफ३५५ सारखी नव्वदच्या दशकातली स्पोर्ट्स कार घेण्याइतकी ऐपत तू स्वतःच्या कष्टाने मिळवलीस, याचं मला फार कौतुक आहे. पण दोन गाड्या समोर असताना तुझं मन जडलंय ते जेमतेम धावलेल्या गाडीवर, आणि कारण काय, तर पुढे भाव चांगला येईल! दुसरी गाडी भरपूर धावलेली, तिच्या दुरुस्तीच्या पावत्यांची जाडजूड फाइल मालकाने जपलेली. आणि तू तीच बाजूला सारतोयस.

उभी गाडी घेऊ नकोस. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

मीटरवरचा आकडा लहान म्हणजे गाडी ताजी, असं कोणी सांगितलं तुला? रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही खराब होतं. टायरच्या कडेवर कारखान्याने उमटवलेले चार आकडे बघ. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी दिसेल, पण रबर कडक झालेलं असेल, आणि एवढ्या ताकदीची गाडी पहिल्या ओल्या वळणावर तुझ्या हातातून जाईल. इंधनाच्या नळ्या, ऑइल सील, टायमिंग बेल्ट, सगळ्यांचं तेच.

त्यातही टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचं, नीट समजून घे. गाडी जागची हलली नसली तरी तो ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि एफ३५५ मध्ये त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवतात. ते टाळलं आणि बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एका सिलिंडरला पाच असे या इंजिनात ४० व्हॉल्व्ह आहेत. त्या बिलाचा अंदाज तूच कर. शिवाय इंजिन बाहेर आलं की एकेक दुखणं दिसायला लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, तडे गेलेले असतात, सुरुवातीच्या गाड्यांमध्ये व्हॉल्व्हना सरळ धरणारे गाइड झिजलेले असतात. आतल्या बटणांवरचा मुलायम थर तर वयाने काकवीसारखा बोटांना चिकटतो. ज्या मालकाने गाडी चालवली त्याला हे सगळं भेटलं, त्याने पैसे मोजले, आणि ते त्या फाइलमध्ये आहे. ज्याने चालवली नाही त्याने ते बिल तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

महागड्या गाड्यांची यातून सुटका होत असेल असं समजू नकोस. फेरारी एफ४० मध्ये इंधन रबरी पिशव्यांत असतं आणि त्या साधारण दहा वर्षांनी बदलायच्या असतात. मॅक्लारेन एफ१ या अतिवेगवान स्पोर्ट्स कारच्या सगळ्या मिळून १०६ गाड्या बनल्या. तिची इंधनाची पिशवी दर पाच वर्षांनी बदलायची, तीही इंजिन काढून. गाडी किती धावली, हा प्रश्नच तिथे येत नाही.

आता भावाबद्दल. १९८८ साली फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि आधीच चढलेले भाव आणखी भडकले. त्याच सुमारास जॅग्वारने एक्सजे२२० ही नवी अतिवेगवान गाडी दाखवली, आणि लोकांनी पन्नास हजार पौंडांची अनामत भरून रांग लावली. बारा सिलिंडरचं इंजिन दाखवलं होतं, गाडी आली ती सहा सिलिंडरची. तोवर बाजार कोसळला होता. अनेकांना करारातून सुटायचं होतं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्या रांगेतले कितीतरी जण तुझ्याइतकेच हुशार होते, आणि त्यांचंही गणित ‘पुढे भाव येईल’ हेच होतं.

माझ्या गाडीबद्दल तू मोठ्या अदबीने विचारलंयस. हो, तिच्या नाकावर खड्यांचे टवके आहेत. हो, तिला भाव कमी येईल. येऊ दे! मला उधळ्या म्हणणाऱ्यांच्या गाड्या कव्हराखाली बॅटरीच्या चार्जरला जोडलेल्या आहेत, माझी कुठल्याही सकाळी किल्ली फिरवली की सुरू होते. तिच्यावर जो खर्च केला तो तिच्यासोबत जगण्यावर केला, आणि त्याचा हिशेब मी कुणाला देणं लागत नाही. खंत एवढीच, की विम्याच्या अटीमुळे आता वर्षाकाठी ठरलेल्या अंतरापलीकडे तिला नेता येत नाही. तूही पॉलिसीतली ही अट आधी वाच. आणि विमा करशील तो कंपनीशी आधीच ठरवून घेतलेल्या मूल्याचाच कर. नाहीतर अपघातानंतर गाडीची किंमत काय, यावर कंपनीशी वाद घालत बसशील.

म्हणून सांगतो, उभी गाडी नको. खिशातले सगळे पैसे खरेदीतच घालू नकोस. एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम आधी वेगळी काढ, ती उरत नसेल तर थांब. थांबणं तुला जड जातं, ठाऊक आहे मला.

दुसऱ्या गाडीच्या मालकाला आजच फोन कर. या गाड्यांवर काम करणारा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेकॅनिक सोबत घेऊन जा. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांग, आणि तेव्हा मागे उभा राहून धूर बघ. तू पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर चहासुद्धा न घेता परत ये.

तुझा,
काका