नाताळच्या सुट्टीआधी घराची डागडुजी : वाचकांचे प्रश्न

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधारणपणे मुंबईतून परततो, पण भिंतींनी चार महिने पिऊन घेतलेले पाणी त्याच्याबरोबर जात नाही. ते सुकता सुकता नोव्हेंबर सरतो. त्यामुळे डिसेंबरपासूनचे कोरडे महिने हेच या शहरात घरदुरुस्तीचे खरे दिवस. सुट्टी तोंडावर आल्याने वाचकांनी विचारलेले चार प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : आम्ही मुलुंडला सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. दिवाणखान्याच्या छताला ओलीचे डाग पडले असून रंगाचे पोपडे निघत आहेत. नाताळात मुलगी व जावई यायचे आहेत. रंगारी म्हणतो, ओलावारोधक रंगाचे दोन हात दिले की काम भागेल. द्यावेत का?

उत्तर : आत्ता देऊ नयेत. ओल्या छतावर दिलेला रंग डाग झाकतो आणि पाणी आत कोंडून ठेवतो. ते पाणी सिमेंटमधील क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येते, रंगामागे पांढरा खार फुटतो आणि पुट्टीसकट पापुद्रा सुटतो. याहून गंभीर बाब म्हणजे ओल स्लॅबमधील सळ्यांपर्यंत पोहोचली की त्या गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने काँक्रीटला आतून तडे जाऊन त्याचे तुकडे सुटू लागतात. विलेपार्ल्यातील एका घरी नुकत्याच रंगवलेल्या छतावर आलेला लिंबाएवढा फुगा मी अंगठ्याने दाबला, तेव्हा रंगाची कातडी फाटून गढूळ पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. तो रंग देऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

आधी पाणी कुठून येते ते शोधा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहा. आठ-दहा दिवसांत डाग रेघेच्या आत सरकला, तर पाणी पावसाचे, म्हणजे बहुधा गच्चीतून झिरपलेले आहे. पाऊस नसतानाही तो रेघेबाहेर पसरला, तर गच्चीवरील टाकी किंवा तिचे पाइप तपासायला हवेत. टाकी भरल्यानंतर ओल वाढते का, यावरही लक्ष ठेवा. स्लॅब सुकला की नाही हे पाहण्यासाठी फूटभर लांबरुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून २४ तास छताला चिकटवून ठेवा. प्लास्टिकच्या छताकडील बाजूवर पाण्याचे थेंब जमले, तर रंगाची वेळ अजून आलेली नाही.

पाणी गच्चीतून येत असेल, तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ही गळती आणि तिच्यामुळे वरच्या मजल्यावरील छताच्या गिलाव्याचे झालेले नुकसान, दोन्हींची दुरुस्ती संस्थेने स्वतःच्या खर्चाने करावयाची असते. पेन्सिलीच्या रेघेसह छायाचित्रे जोडून सचिवांना आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गच्चीचा जुना कोबा फोडणे, नवा घालणे आणि त्यावर दिवसचे दिवस पाणी साठवून तो मुरवणे यांना वेळ लागतो. एप्रिल-मे उजाडेपर्यंत थांबणाऱ्या संस्थांचे काम पावसाळ्याच्या तोंडावर घाईने उरकले जाते, आणि पुढच्या जूनमध्ये तोच डाग पुन्हा उमटतो. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, हेही अर्जात नमूद करा.

पाहुण्यांपुरते सांगायचे, तर गवंड्याकडून छत ठोकून पाहून पोकळ वाजणारा गिलावा उतरवून घ्या, पोपडे खरवडा आणि छत तसेच उघडे राहू द्या. ते चांगले दिसणार नाही, हे मला मान्य आहे. पण मुलीच्या गादीवर गिलावा पडण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

प्रश्न : न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे. कबुतरांच्या त्रासामुळे आम्ही खिडकीच्या काचपट्ट्यांवर प्लास्टिकचा पत्रा लावला आहे. थंडीत गीझर जास्त वेळ चालतो. काही काळजी घ्यावी का?

उत्तर : हे उत्तर वाचून होताच तो पत्रा काढा आणि तोवर गीझर लावू नका. बंद जागेत हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, भोवळ येणे ही लक्षणे जाणवेपर्यंत दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसली किंवा गीझरवर काजळी धरली, तर बर्नर ताबडतोब तपासून घ्यावा. निळी ज्योत दिसली म्हणून मात्र बंद खोली सुरक्षित ठरत नाही, आणि एक्झॉस्ट पंखा हाही यावरचा उपाय नव्हे. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या सज्जात बसवून गरम पाण्याची नळी तेवढी आत आणणे हाच खरा इलाज आहे. तो होईपर्यंत बादली भरून गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. कबुतरांसाठी खिडकीला बाहेरून जाळी लावता येईल. आत कोणी हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडून त्या व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : माळ्यावरच्या गोधड्यांना कुबट वास येतो. धुवाव्यात का?

उत्तर : बुरशीचे ठिपके असतील तर धुवाव्याच लागतील, नसतील तर दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट घालून बाहेरच्या बाहेर झटका. रस्त्याचे किंवा बांधकामाचे काम शेजारी चालू असेल, तर मात्र वाळत घालण्याआधी धुळीचा अंदाज घ्या.

प्रश्न : आम्ही पंधरा दिवस मालवणला जाणार आहोत. घर बंद करताना काय पाहावे?

उत्तर : पाण्यापासून सुरुवात करा. घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि वॉशिंग मशीनचा नळ बंद करा, कारण पाणी गेलेले असताना चुकून उघडा राहिलेला एक नळ खालच्या बिऱ्हाडाचे छत भिजवायला पुरेसा असतो. न्हाणी ट्रॅपमधील, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखाली वास अडवण्यासाठी साठून राहणारे पाणी पंधरवड्यात आटू शकते, आणि मग गटाराचा वास व झुरळे घरात येतात. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडले, तर ते लवकर उडत नाही. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून कुंड्यांखालच्या बशा आणि बादल्या नुसत्या रिकाम्या न करता घासून पालथ्या घाला, कारण त्याची अंडी कोरड्या कडेवरही महिनोन्‌महिने तग धरतात. फ्रीजच्या मागचा ट्रे बहुतेक जण विसरतात, तोही पुसा. फ्रीज रिकामा करणार असाल, तर दार किंचित उघडे ठेवा. चालू ठेवायचा असेल, तर त्याचा एमसीबी (विजेच्या पेटीतील खटका) तेवढा सुरू ठेवून बाकीचे खाली करा. सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि रबरी नळीवर छापलेले वर्षही पाहून घ्या. सिलिंडरची सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. तुळस शेजाऱ्यांच्या सज्जात नेऊन ठेवणे उत्तम.

परतल्यावर दार उघडताच गॅसचा वास आला, तर विजेच्या एकाही बटणाला हात न लावता आधी खिडक्या उघडा. वास नसेल, तर मुख्य व्हॉल्व्ह सोडून प्रत्येक नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या. पंधरा दिवस नळीत साचलेले पाणी पिण्यासाठी भरू नका.