'ओके' खरंच ओल्ड किंडरहूकवरून आला का?

प्रश्न असा होता की 'ओके' हा शब्द अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावाच्या आद्याक्षरांवरून आला हे खरं का, आणि तिकडच्या जुन्या अध्यक्षांना उठसूट 'ओल्ड' का लावतात. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

'ओल्ड'ची चाल पडली ती मुख्यतः सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यामुळे, ते अध्यक्ष होण्याच्या बरंच आधी. १८१३ साल, इंग्रजांशी युद्ध चालू. जॅक्सन टेनेसीचे दोनेक हजार स्वयंसेवक घेऊन मिसिसिपी नदीकाठी नॅचेझला गेले आणि तिथे वॉशिंग्टनहून हुकूम आला की पलटण बरखास्त करा. घर ८०० किलोमीटर लांब, पगाराचा पत्ता नाही, शिधा नाही, कितीतरी पोरं आजारी. त्यांना असं वाऱ्यावर सोडायला जॅक्सन तयार झाले नाहीत, हुकूम बाजूला ठेवून सगळ्यांना घेऊन परत निघाले, आजाऱ्यांना बसायला स्वतःचे घोडे दिले आणि स्वतः चिखलातून पायी चालले. हिकरी हे तिकडचं फार चिवट लाकूड, कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात, आपल्याकडे बाभळीचा जो मान तोच तिकडे हिकरीचा. म्हणून सैनिकांनी नाव पाडलं ओल्ड हिकरी. जॅक्सन तेव्हा पंचेचाळिशीतले, म्हणजे हा 'ओल्ड' वयाचा नाहीच, 'आमचा म्हातारा' असं सैनिक आपल्या सेनापतीला मायेने म्हणतात ना, तो आहे. मला हे सगळ्यात आवडतं टोपणनाव, कारण ते प्रचारवाल्यांनी बसून तयार केलेलं नाही, सोबत चाललेल्या माणसांनी दिलंय.

पुढे प्रचारवाल्यांनी ते उचललंच. १८२८ च्या निवडणुकीत समर्थक गावोगावी हिकरीचे खांब उभारायचे. मग पुढच्या अध्यक्षांसाठी पायंडाच पडला, टिपकनूची लढाई लढलेले हॅरिसन झाले ओल्ड टिपकनू, जनरल टेलर झाले ओल्ड रफ अँड रेडी, आणि जॅक्सनच्याच टेनेसीचे पोक यंग हिकरी.

व्हॅन ब्युरेन हे जॅक्सनचे राजकीय वारस, पण लढाईचा अनुभव शून्य, मग नाव कशावरून पाडणार? तर गावावरून. किंडरहूक हे न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यातलं डच वस्तीचं गाव, व्हॅन ब्युरेन तिथलेच, घरात डच बोलायचे. इंग्रजी मातृभाषा नसलेले ते आजवरचे एकमेव अमेरिकन अध्यक्ष.

आता ओके. हा शब्द त्या टोपणनावाच्या प्रचाराआधीच छापून आला होता, २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये. त्या काळी बॉस्टनच्या पेपरवाल्यांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायचं भलतंच वेड लागलं होतं. 'ऑल करेक्ट' हे अडाण्याने लिहावं तसं ओ आणि के ने सुरू करायचं, झालं ओके. तसंच 'ऑल राइट'चं ओ डब्ल्यू. बाकीची असली सगळी आद्याक्षरं त्या वेडाबरोबरच संपली, ओके मात्र राहिला आणि ते झालं १८४० च्या निवडणुकीमुळे. न्यूयॉर्कमधल्या व्हॅन ब्युरेन समर्थकांनी ओके क्लब काढला, त्यात ओल्ड किंडरहूकही आलं आणि 'सगळं ठीक'ही आलं. विरोधकांनी लगेच आवई उठवली की जॅक्सनना स्पेलिंग येत नाही, तेच कागदांवर 'ऑल करेक्ट' म्हणून ओके मारायचे. दोन्हीकडून एवढा गाजावाजा झाला की शब्द देशभर पोचला. व्हॅन ब्युरेन ती निवडणूक हरले, ओके जिंकला.

म्हणजे उत्तर असं की ओल्ड किंडरहूकवरून ओके जन्माला आला नाही, पण तगला त्याच्यामुळे. हे सगळं १९६० च्या दशकात ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं उपसून दाखवून दिलं, आणि छापील तारखा समोर असल्यामुळे मला तरी त्यात शंकेला जागा दिसत नाही. त्याआधी मूळ अमेरिकन चोक्टॉ भाषेतल्या 'ओके' म्हणजे 'असंच आहे' या शब्दाची व्युत्पत्ती बरीच चालायची, आणि अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा तर तिच्यावर इतका विश्वास होता की कागद मंजूर करताना ते ओ आणि के एवढ्यावर न थांबता चोक्टॉ उच्चाराप्रमाणे चार अक्षरी स्पेलिंग लिहायचे.