मुंबई-न्यूयॉर्क पहिल्यांदाच करताय ना, मग हे वाचा

अहो काकू, तिकिटावरच्या वेळा वजा करत बसू नका, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. रात्री १ ला निघून त्याच सकाळी साडेसातला पोचलात म्हणजे साडेसहा तास नाही, उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे झाले १६ तास. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, पण येताना तेच १४ तासांच्या आसपास, कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, तो मागून ढकलतो. थेट विमान असेल तरच हं हे. आणि बूट पूर्ण काढून झोपू नका, माझे पाय इतके सुजले की उतरताना टाचा बाहेर ठेवूनच फरफटत गेले इमिग्रेशनला 😅