फ्री कमांडमध्ये ९ जीबी मोकळी दिसते, तरी एन्क्लेव्हला मेमरी पुरत नाही. कर्नल ही राखीव मेमरी सांभाळतो तरी कशी?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: धुळ्याला कॉलेजच्या जुन्या डेस्कटॉपवर तुम्ही इंटेल एसजीएक्सचा एन्क्लेव्ह, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमलाही आत डोकावता येऊ नये म्हणून प्रोसेसरने बंदिस्त केलेला प्रोग्रामचा कप्पा, चालवताय, हीप, म्हणजे प्रोग्रामला वापरायला दिलेली मेमरी, वाढवला की प्रोग्राम रांगायला लागतो, आणि फ्री कमांड मात्र ढिगाने मेमरी मोकळी दाखवते.

याच दुखण्यावर मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून ८ जीबी रॅम आणून बसवली होती. फरक शून्य. पैसे गेले ते गेले, तीन रात्री वेगळ्याच.

एन्क्लेव्हची पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, साध्या रॅममध्ये राहतच नाहीत. ती राहतात ईपीसीत, म्हणजे एन्क्लेव्ह पेज कॅशमध्ये. मशीन चालू होतानाच बायोस रॅममधला हा तुकडा बाजूला काढून ठेवतं. लिनक्सला तो साधी मेमरी म्हणून मिळत नाही, म्हणून फ्रीच्या आकड्यात तो येत नाही. स्कायलेकच्या, म्हणजे २०१५ नंतरच्या बऱ्याच डेस्कटॉपवर हा तुकडा जास्तीत जास्त १२८ एमबीचा असतो. त्यातला काही भाग प्रोसेसर स्वतःच्या हिशेबाला ठेवतो, हाती उरतात सुमारे ९३ एमबी. ४ केबीच्या पानांत मोजलं तर २३,८०० च्या आसपास. रॅम कितीही वाढवा, हा आकडा हलत नाही.

आता कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम. माझे वडील भुसावळच्या यार्डात नोकरीला होते. सीलबंद डबा कोणत्या लाइनीवर उभा करायचा, कधी बाहेर काढायचा, हे यार्डातले लोक ठरवत. आत साखर आहे की सिमेंट, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे आणि सील तोडायचा अधिकारही नसे. एसजीएक्समध्ये कर्नलची गत तीच. कोणतं पान आत, कोणतं बाहेर, हे तो ठरवतो. आत काय आहे ते त्याला वाचता येत नाही. बाहेरून ईपीसी वाचायला गेलं तर सगळे एक, म्हणजे एफएफ, हाती येतात, आणि लिहिलेलं मुकाट्याने टाकून दिलं जातं.

पेज टेबल, म्हणजे प्रोग्रामचा कोणता पत्ता मेमरीतल्या कोणत्या पानाला जोडलाय याचा तक्ता, कर्नलच्या ताब्यात असतं, मग तो एका एन्क्लेव्हचं पान दुसऱ्याला का जोडत नाही? जोडू पाहील, पण चालणार नाही. प्रत्येक पानामागे प्रोसेसर ईपीसीएम नावाच्या तक्त्यात स्वतःची नोंद ठेवतो: हे पान कोणाचं, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या प्रकारचं, परवानग्या काय. पेज टेबल काहीही म्हणो, या नोंदीशी मेळ बसला नाही की फॉल्ट, म्हणजे प्रोसेसर तिथेच अडवतो.

लिनक्समध्ये हा कारभार ५.११ आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२१ पासून आला. केएसजीएक्सडी नावाचा एक कर्नल थ्रेड असतो. बूट झाल्यावर आधी तो ईपीसी झाडून काढतो, कारण केएक्झेकने, म्हणजे मशीन पूर्ण बंद न करता, नवा कर्नल आला असेल तर जुन्या एन्क्लेव्हची पानं तशीच पडलेली असू शकतात. त्यानंतर त्याचं रोजचं काम पानं बाहेर काढायचं. मोकळी पानं ३२ च्या खाली गेली की तो जागा होतो आणि ६४ होईपर्यंत एका वेळी १६ पानं तपासत राहतो. नुकतंच वापरलेलं पान सोडून देतो, पडून राहिलेलं उचलतो. इथवर हे नेहमीच्या स्वॅपसारखंच, म्हणजे रॅम कमी पडली की पानं डिस्कवर हलवण्यासारखंच, आहे.

खरी गंमत पान बाहेर काढण्यात आहे. ईब्लॉक या प्रोसेसरच्या सूचनेने पान अडवायचं, म्हणजे त्याच्या पत्त्याचं नवं भाषांतर टीएलबीत, म्हणजे पेज टेबलमधल्या नोंदी हाताशी ठेवणाऱ्या प्रोसेसरच्या छोट्या वहीत, जाणार नाही. पण जुनं भाषांतर एखाद्या कोअरच्या टीएलबीत शिल्लक असेल तर? कर्नल म्हणेल, 'मी टीएलबी साफ केली'. पण त्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचाच नाही, हा तर सगळा डाव. म्हणून ईट्रॅकने प्रोसेसर स्वतः नोंद ठेवतो की त्या एन्क्लेव्हमध्ये शिरलेले थ्रेड एकदा तरी बाहेर आले का. आले नसतील तर पान बाहेर लिहिणारी ईडब्ल्यूबी सूचना साफ नकार देते. मग लिनक्स त्या कोअर्सना इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायचा इशारा, पाठवतो. तो इंटरप्ट हाताळणारं फंक्शन चक्क रिकामं आहे, आत एकही ओळ नाही! इंटरप्ट आला की प्रोसेसर एन्क्लेव्हमधून आपोआप बाहेर पडतो, तेवढंच हवं असतं. कोड वाचताना मला आधी वाटलं कोणी लिहायचं विसरलं.

ईडब्ल्यूबी पान एन्क्रिप्ट करून साध्या मेमरीत ठेवते, सोबत १२८ बाइटची सीलसारखी नोंद. आता यार्डाचं उदाहरण एका जागी अपुरं पडतं. सील तोडलं तर कळेल. पण सील शाबूत असलेला कालचाच डबा आज परत आणून लावला तर? समजा पानात 'पिनचे किती प्रयत्न उरले' हा आकडा आहे. लबाड कर्नल दरवेळी जुनं पान परत आणेल आणि प्रयत्न कधी संपणारच नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी बाहेर जाताना पानाला नवा आवृत्ती क्रमांक मिळतो आणि तो ईपीसीतच, व्हर्जन अ‍ॅरे नावाच्या पानात राहतो. अशा एका पानात ८ बाइटचे ५१२ खण. परत आणणारी ईएलडीयू सूचना तो क्रमांक जुळवते. जुळला नाही तर पान आत येत नाही.

तुमचा प्रोग्राम रांगतो तो याच फेऱ्यांमुळे. दर फेरीत एन्क्रिप्शन, इंटरप्ट, फॉल्ट, डिक्रिप्शन. त्यात एसजीएक्सच्या पहिल्या पिढीत एन्क्लेव्ह सुरू होतानाच सगळी पानं भरावी लागतात, नंतर वाढवता येत नाहीत. कॉन्फिगमध्ये हीप ५१२ एमबी लिहून ठेवला असेल तर वापर १० एमबी असला तरी सगळी पानं एकदा ईपीसीतून जाणारच. लिनक्स ६.० पासून चालू एन्क्लेव्हला लागेल तशी पानं देता येतात, पण त्यासाठी प्रोसेसर एसजीएक्स-२ चा हवा. तिथेही कर्नलने दिलेलं पान एन्क्लेव्हने आतून ईअ‍ॅक्सेप्ट केल्याशिवाय वापरात येत नाही.

तेव्हा आधी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, 'ईपीसी सेक्शन'ची ओळ शोधा आणि दोन पत्त्यांची वजाबाकी करा. बायोसमध्ये राखीव मेमरीचा पर्याय असेल तर तो मोठ्यात मोठा ठेवा. मग हीप कापा. एन्क्लेव्हमध्ये एन्क्रिप्शनच्या किल्ल्या आणि त्यांना हात लावणारा कोड एवढंच ठेवा. मोठी फाइल बाहेर एन्क्रिप्ट करून ठेवा आणि तुकड्या-तुकड्याने आत घ्या. अख्खा डेटाबेस आत घालायचा हट्ट असेल तर आइस लेक झिऑनचा, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचा, सर्व्हर भाड्याने घ्या, तिथे एका सॉकेटला ५१२ जीबीपर्यंत ईपीसी मिळते. कॉलेजच्या प्रोजेक्टला मी ते सुचवणार नाही.

आणि डेमोला लॅपटॉप नेणार असाल तर एक सांगतो. एकदा जळगावहून धुळ्याला एसटीने निघालो, लॅपटॉप नुसता मिटून पिशवीत टाकला. पारोळ्याला उघडला तर एन्क्लेव्ह गायब, 'एन्क्लेव्ह लॉस्ट'चा एरर. मशीन झोपलं की ईपीसीची किल्ली जाते आणि आतलं सगळं कायमचं जातं, हायबरनेटलाही तेच. कर्नल यात काही करू शकत नाही. तो एरर आला की एन्क्लेव्ह नव्याने उभा करायचा कोड आधी लिहा, आणि जपायचं ते सील करून, म्हणजे त्याच एन्क्लेव्हला उघडता येईल असं एन्क्रिप्ट करून, डिस्कवर ठेवत जा.