तुमचे प्रश्न : एसीएलचं ऑपरेशन आणि खेळायची घाई

प्रश्न : फुटबॉल खेळताना पाय रोवलेला असताना गुडघा फिरला, कट्ट असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं दोरीसारखं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. घरचे म्हणतात याच आठवड्यात ऑपरेशन उरकून टाक, डॉक्टर म्हणतात थांबू. कुणाचं ऐकू? आणि तुटलेलं लिगामेंट शिवता येत नाही का? (वय 23)

उत्तर : डॉक्टरांचं ऐक. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर नंतर गुडघा जखडून बसायची भीती असते, म्हणून आधी सूज उतरू देतात, पाय पूर्ण सरळ होऊ देतात, मांडीत जरा ताकद येऊ देतात आणि मगच तारीख ठरवतात, यात साधारण काही आठवडे जातात. हां, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी फाटून तुकडा मध्ये अडकला असेल आणि पाय सरळच होत नसेल तर मात्र थांबत नाहीत. आणि थांबायचं म्हणजे वर्षभर टाळायचंही नाही, कारण गुडघा सारखा सटकत राहिला की दर वेळी गादीला मार बसतो.

शिवायचं म्हणशील तर, हे लिगामेंट सांध्यातल्या द्रवात असतं, तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे ते सहसा जुळून येत नाही. लिगामेंट मांडीच्या हाडाजवळून सुटलं असेल अशा काही मोजक्या केसेसमध्ये शिवतात, पण बहुतेकांना नवीनच बसवावं लागतं. त्यासाठी तुझ्याच पायाचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढतात, मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा, वाटीच्या खालचा किंवा वरचा. मग दुर्बिणीतून वरच्या आणि खालच्या हाडात बोगदा पाडून तो टेंडन (यालाच ग्राफ्ट म्हणतात) ओवतात आणि स्क्रू किंवा छोट्या बटणाने पक्का करतात. वाटीखालचा घेतला तर गुडघे टेकून बसताना दुखू शकतं, हॅमस्ट्रिंगचा घेतला तर पाय मागे दुमडायची ताकद काही काळ कमी होते. कुठला घ्यायचा आणि का, हे सर्जनला समोर बसून विचार, लाजू नकोस.

प्रश्न : ऑपरेशनला तीन महिने झाले, अजिबात दुखत नाही, जिनाही भराभर चढते. आता मॅच खेळले तर चालेल ना?

उत्तर : नाही, प्लीज नको. मला सगळ्यात जास्त काळजी याच टप्प्याची वाटते. बसवलेल्या टेंडनला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी भरतं, आणि हे चालू असताना पहिल्या काही महिन्यांत तो ग्राफ्ट उलट कमजोर होतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटायला लागतं नेमकं तेव्हाच आत तो सगळ्यात नाजूक असतो. दुखत नाही याचा अर्थ तयार झालाय असा नाही. 2016 साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला तितका पुन्हा दुखापतीचा धोका कमी झाला, दर महिन्यामागे जवळपास निम्मा!

आणि नुसतं कॅलेंडर बघूनही जाऊ नका. पाठीवर झोपा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा आणि मांडीचा स्नायू घट्ट होतोय का ते हाताने चाचपा, दुसऱ्या पायाशी ताडून बघा. ऑपरेट केलेली मांडी अजून मऊ, बारीक लागली तर काम बाकी आहे. फिजिओ मशीनवर ताकद मोजतात, एका पायावर उड्या मारायला लावतात, दोन्हीत चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के यायला हवं आणि उडीवरून उतरताना गुडघा आत कलायला नको. कंटाळा येतो, माहितीये, टीममधले बाकीचे खेळतात आणि आपण भिंतीला टेकून स्क्वॉट मारत बसतो, पण हा व्यायाम म्हणजे निम्मं ऑपरेशनच आहे हो, तो सोडू नका.

प्रश्न : आईचं वय 48, पाय घसरून एसीएल तुटलं. खेळत वगैरे नाही. ऑपरेशन करावंच लागेल का?

उत्तर : नाही, करावंच असं नाही. आधी तीनेक महिने नीट फिजिओथेरपी करून बघा. स्वीडनमधल्या 2010 च्या एका अभ्यासात तर तरुण आणि खेळणाऱ्या लोकांना आधी व्यायाम दिला, गरज पडली तरच ऑपरेशन, आणि दोन वर्षांनी निम्म्याहून जास्त जणांना ते लागलंच नव्हतं. चालताना किंवा जिना उतरताना गुडघा सटकतोय असं आई सांगत असतील किंवा गादीही फाटलेली असेल तर मात्र सर्जनला परत दाखवा.